एका वेळचं जेवण आणि थायलंडचा जनरल

हे फुटेज बघा. 20 मे 1992 ची रात्र, थायलंडचा टीव्ही. राजे भूमिबोल सोफ्यावर बसलेत आणि समोर खाली गालिच्यावर पाय एका बाजूला दुमडून दोन माणसं. एक देशाचे पंतप्रधान सुचिंदा, दुसरा त्यांच्याच सरकारने दोन दिवसांपूर्वी बेड्या घालून उचललेला विरोधक. दोघंही जनरल, दोघंही एकाच मिलिटरी अकॅडमीचे, सुचिंदा पाचव्या बॅचचे नि हा सातव्या. राजे हेडमास्तरांसारखे समजावतायत की शहराचा ढिगारा करून त्यावर उभं राहून मी जिंकलो म्हणण्यात काय अर्थ आहे.

हा दुसरा माणूस म्हणजे मेजर जनरल चामलोंग श्रीमुआंग.

1935 चा जन्म. लाओस, व्हिएतनाम बघून आलेला फौजी, मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन मॅनेजमेंटची मास्टर्स. पंतप्रधान प्रेम यांचा सेक्रेटरी झाला, म्हणजे करिअर एकदम सेट, पण गर्भपाताचा कायदा सैल करायची चर्चा निघाली आणि याने सरळ राजीनामा दिला. हट्टी माणूस, हे लक्षात ठेवा, पुढे सारखं दिसणारे. बायको-नवरा दोघंही सांती असोक नावाच्या कडक बौद्ध पंथाचे. दिवसातून एकदाच जेवण, तेही शाकाहारी, आणि लग्न टिकवून ब्रह्मचर्य. डोक्यावर बारीक कापलेले केस, अंगात शेतकरी घालतात तो निळा सुती शर्ट. बँकॉकसारख्या शहरात असा माणूस 1985 ला गव्हर्नर म्हणून निवडून येतो, 1990 ला परत येतो, मधल्या काळात पलांग धर्म नावाचा पक्षही काढतो. पैसे खाणाऱ्या नेत्यांना कंटाळलेल्या मध्यमवर्गाला एक वेळ जेवणारा माणूस आवडला, एवढं साधं होतं ते.

मार्च 1992 ला बँकॉकच्या 35 पैकी 32 जागा त्याच्या पक्षाने घेतल्या. आणि एप्रिलमध्ये, आदल्या वर्षी बंड करून सत्ता घेतलेले सुचिंदा, जे मी पंतप्रधान होणार नाही म्हणत होते, तेच खासदारकीची निवडणूक न लढता पंतप्रधान झाले. म्हणे देशासाठी शब्द मोडावा लागला.

चामलोंग 4 मे ला आमरण उपोषणाला बसला. आमरण म्हणून बसला आणि 9 तारखेला सोडलं, का तर आंदोलन चालवायला जिवंत राहिलं पाहिजे. त्यावरून टीका झालीच, आणि मला विचाराल तर अगदीच चुकीची नव्हती. पण 17 मे ला सनाम लुआंगच्या मैदानावर लोक मावेनात, त्यात मोबाईलवाले ऑफिसबाबू इतके की या गर्दीला नावच पडलं मोबाईल मॉब. मोर्चा निघाला, फान फा पुलावर अडवला, मग गोळीबार. सरकारी आकडाच 52 मृतांचा आहे. राजांच्या त्या भेटीनंतर 24 मे ला सुचिंदा गेले. चामलोंगला त्याच वर्षी मॅगसेसे मिळाला, आपल्याकडे विनोबांना आणि बाबा आमटेंना मिळाला तोच.

आता खरी गंमत. 1994 ला याने एका श्रीमंत टेलिकॉमवाल्याला पक्षात आणून परराष्ट्रमंत्री केलं. नाव थाकसिन शिनावात. तोच 2001 ला स्वतःच्या पक्षाच्या जोरावर पंतप्रधान झाला. चामलोंग आधी त्याच्या बाजूनेच होता, 2005 ला एका बिअर कंपनीचे शेअर बाजारात येऊ नयेत म्हणून रस्त्यावर उतरला, आणि थाकसिनच्या कुटुंबाने टॅक्स न भरता 73 अब्ज बातला (बात म्हणजे थायलंडचं चलन) कंपनी विकली तेव्हा थाकसिनविरोधी आंदोलकांचे पिवळे शर्ट घालून आपण आणलेल्या माणसाविरुद्धच उभा राहिला. शेवट काय, सप्टेंबर 2006, रणगाडे. ज्याने 92 ला लष्कराला बराकीत पाठवलं तो बंडानंतर लष्कराने नेमलेल्या संसदेत जाऊन बसला. 2008 ला थाकसिनच्याच गोटातलं सरकार आलं म्हणून पिवळे शर्टवाले पंतप्रधानांच्या कार्यालयात घुसले, नंतर सुवर्णभूमी विमानतळ बंद पाडला, तेव्हाही पुढे हाच.

कार्यालयाच्या केसमध्ये फेब्रुवारी 2019 ला आठ महिन्यांची शिक्षा झाली, वय 83. नव्या राजांच्या राज्याभिषेकाची माफी मिळून मे महिन्यात सुटला. पुढच्याच महिन्यात, 5 जूनला, 2014 ला बंड केलेले जनरल प्रयुत संसदेत 500 मतं मिळवून परत पंतप्रधान झाले. खासदारकीची निवडणूक न लढता.