दोनदा गोळ्या, तरी शाळा चालू

नमस्कार मंडळी, जेवणं उरकली असतील तर बसा जरा, आज एका मास्तरीणबाईंची गोष्ट सांगतो.

अमेरिकेतली यादवी १८६५ ला संपली, गुलामगिरी गेली, आणि उत्तरेकडनं कितीतरी मास्तर-मास्तरणी दक्षिणेत शिकवायला निघाले. तिकडे लुइझियानात १८३० पासून कायदाच होता, गुलामाला लिहायला-वाचायला शिकवलं की तुरुंग. परत सांगतो, शिकवलं की तुरुंग.

तर एडमोनिया हायगेट. उत्तरेतल्या सिरॅक्यूज शहराची, स्वतः काळी, वय बावीसच्या आसपास. १८६६ मध्ये ती लुइझियानातल्या लाफायेत भागात शाळा चालवत होती, दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी, रविवारची वेगळी. डिसेंबरात तिने पत्र लिहिलंय, आणि त्यात रडगाणं नाही हो, पोरांचंच कौतुक! बहुतेक पोरं मळ्यांवरून चालत यायची, कुणी तीन मैल, कुणी चार, काही तर आठ मैल. आठ मैल म्हणजे आपले तेरा किलोमीटर झाले, आणि तरी उशीर कुणाला नाही. पाटी-पुस्तक ज्याचं त्याने विकत घ्यायचं. (आता पाट्या जाऊन टॅब आले, मला विचाराल तर पाटीच बरी, चार्जिंगची कटकट नाही. असो.) पोरं बोलणार फ्रेंच, बाईंना ते जेमतेम येणार, त्याच्याच जोरावर इंग्रजी शिकवायचं. शाळेवर नाव फ्रीडमेन्स ब्यूरोचं, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या सरकारी खात्याचं, पैसा मात्र सगळा शिकणाऱ्यांचा. ओळखीचं वाटतंय ना?

आणि मग त्याच पत्रात ती लिहिते की मी खोलीत असताना माझ्यावर दोनदा गोळी झाडली. दोनदा! रात्रीच्या वर्गातल्या काहींना गोळ्या लागल्या, मेलं कुणी नाही. समोरच राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचा गोळ्यांनी हात मोडला, पाय मोडला. शाळा जाळू, तू राहतेस ते घरही जाळू, ही धमकी तर पहिल्याच महिन्यात आलेली. आणि सगळ्यात जवळचं लष्कर कुठे? न्यू ऑर्लिन्सला, दोनशे मैलांवर, म्हणजे हाक मारून कोण येणार? तरी रात्रीचा वर्ग चालूच.

आपल्या जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांनाच, आणि हे आपल्याकडे दहावी झालेल्या पोरांना विचारा, निम्म्यांना माहीत नसतं, मार्क मात्र नव्वदच्या वर.

बाई पुढे मिसिसिपीतही शिकवायला गेल्या. यादवीनंतर दक्षिणेत गुलामीतून सुटलेल्यांना हक्क द्यायचा जो कारभार चालला होता, तो १८७७ ला कसा गुंडाळला गेला ते पुढच्या वेळी बोलू, आज वेळ संपली.