बेसनाची रेघ

पहाटे साडेपाच वाजता भट्टी पेटते. इंदूरच्या राजवाड्यापासून फार लांब नसलेल्या या मराठी कुटुंबाच्या कारखान्यात झाऱ्यावर तळहाताने घासलेले पीठ तापलेल्या तेलात शेव होऊन उतरते, लवंग आणि हिंग यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, आणि कढईपाशी उभ्या असलेल्या कारागिराची पाठ दुपारपर्यंत आपल्याकडेच राहते. आपल्याला पाहायची आहे ती त्याच्या पलीकडची, कोठीघरातली भिंत.

या भिंतीवर खडूची एक आडवी रेघ आहे. बेसनाची पोती भिंतीला लावून दोन-दोनच्या थरांत रचली जातात. वापर होता होता थप्पी उतरली आणि रेघ उघडी पडली, की सियागंजातील घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी द्यायची, असा कोठीघर सांभाळणाऱ्या काकांचा अनेक वर्षांचा नेम आहे. रेघेखाली 50 किलोंच्या पोत्यांचे तीन थर, म्हणजे सहा पोती बसतात. ही उंची ठरवताना काकांनी कागदावर हिशेब केला नव्हता, पण तो केला तरी जवळपास तेथेच पोहोचतो: रोज 80 किलो बेसन लागते, माल यायला दोन दिवस जातात, आणि तो वाटेत अडकलाच तर हाताशी आणखी दोन दिवसांचा साठा हवा, एकूण 320 किलो. पुस्तकांत यालाच पुनर्मागणी पातळी म्हणतात.

रेघेत उणीव एकच होती, ती जागची हलत नव्हती. दिवाळीच्या तोंडावर रोजचा वापर 200 किलोंवर जातो आणि सहा पोती दीड दिवसात संपतात. मागच्या वर्षी धनत्रयोदशीला नेमके तेच झाले व एक कढई दिवसभर थंड राहिली.

हिशेब पाहणाऱ्या काकूंनी त्यानंतर साठ्याची वही गूगल शीट्समध्ये आणली. पडद्यावर दिसणाऱ्या पत्रकात प्रत्येक मालाची एक ओळ आहे. किमान पातळीच्या रकान्यात कायमचा आकडा न लिहिता मागील सात दिवसांच्या सरासरी वापराला चाराने गुणणारे सूत्र दिले आहे, त्यामुळे वापर वाढला की पातळीही वर सरकते. सणाची चाहूल सरासरीला उशिराच लागते, म्हणून त्या दिवसांपुरता काकू हा आकडा हाताने बदलतात.

पत्रकाला जोडलेली ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे पत्रकावर आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम, जेमतेम पडदाभर आहे. ती प्रत्येक ओळीतील शिल्लक आणि पातळी ताडून पाहते व कमी पडलेल्या सर्व मालाची नावे एकाच ईमेलमध्ये पाठवते. मालागणिक वेगळा ईमेल पाठवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण मोफत खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला 100 जणांपर्यंतच ईमेल पाठवता येतात, आणि तसेही दहावा ईमेल कोणी उघडत नाही. स्क्रिप्ट रोज ठरावीक वेळी चालवणारा ट्रिगर लावला आहे. पत्रकात बदल होताच चालणारा ट्रिगरही लावता आला असता, पण नोंदी अर्ध्यावर असतानाच तो इशारा देऊन मोकळा झाला असता. सकाळी सात ते आठ ही वेळ निवडली तरी त्यातले नेमके मिनिट गूगल ठरवते, त्यामुळे दिवसाच्या नोंदी आदल्या रात्रीच पुऱ्या कराव्या लागतात.

पहिल्या आठवड्यात तेलाची मागणी देऊन झाल्यावरही तेलाचा इशारा रोज येत राहिला. मग ‘कळवले’ असा रकाना वाढवण्यात आला: इशारा गेला की तेथे तारीख पडते, आणि शिल्लक पातळीच्या निदान दहा टक्के वर गेल्याशिवाय ती पुसली जात नाही. शिल्लक काठावर वरखाली होत राहिली, तरी इशाऱ्यांची रांग लागत नाही.

या साऱ्या जुळणीतला सर्वांत शहाणा भाग, माझ्या मते, स्क्रिप्टच्या शेवटच्या तीन ओळींत आहे. नोंद राहून गेली तर पत्रकात आदल्या दिवसाचीच शिल्लक दिसते, कोणतीही पातळी ओलांडली जात नाही, आणि इशारा आला नाही म्हणजे सगळे ठीक आहे असा समज होतो. म्हणून शेवटच्या नोंदीची तारीख जुनी असेल, तर तसाही इशारा जातो. यंत्रणांच्या आकड्यांवर नजर ठेवून इशारे देणाऱ्या ग्राफानासारख्या मोठ्या साधनात याच स्थितीला ‘नो डेटा’ असे वेगळे नाव आहे.

ईमेल मालकांना न जाता काकूंना जातो, कारण सियागंजला फोन त्याच करतात. काका ईमेल पाहत नाहीत. काकूंनी दिवाळीचा आकडा त्यांना पत्रकातून वाचून दाखवला आहे: 800 किलो, सोळा पोती, आठ थर. रिकाम्या भिंतीसमोर उभे राहून, बोटाने थर मोजत, काका जुन्या रेघेच्या बऱ्याच वर, खांद्याच्या उंचीला, खडूने दुसरी रेघ ओढत आहेत.