साडेबाराची सावली

नमस्कार मंडळी. बारा वाजले की सूर्य डोक्यावर आणि सावली सगळ्यात छोटी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि वर्गात पोरांनाही बिनधास्त सांगतो. आता २२ डिसेंबरचा दिवस घ्या. त्या दिवशी सगळ्यात छोटी सावली नागपुरात पडते साधारण १२ वाजून १२ मिनिटांनी, कोल्हापुरात १२ वाजून ३१ ला आणि मुंबईत तर १२ वाजून ३७ ला. बरं, डोक्यावर म्हणाल तर तेही नाही, सूर्य दक्षिणेला चांगला चाळीस-पंचेचाळीस अंश कललेला असतो.

हे पोरांना सांगू नका. त्यांना मोजू द्या. आज मला एवढ्या एकाच प्रयोगाबद्दल बोलायचंय, कारण सगळीकडे स्टेम स्टेम (म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित) चाललंय, अटल टिंकरिंग लॅब ही केंद्र सरकारची प्रयोगशाळा मिळालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान असतं, थ्रीडी प्रिंटर येतो, छानच आहे, पण ज्या शाळेत तो नाही तिथल्या मास्तरांनी हातावर हात धरून बसायचं काही कारण नाही. आणि खरं सांगू का, तयार किटमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं, बल्ब पेटला की टाळ्या वाजवून पोरं मोकळी.

तर लागतं काय, एक मीटर उंचीची सरळ काठी किंवा पीव्हीसीचा पाइप, मातीने भरलेली बादली, दोरा, खडू आणि मेजर टेप. काठी बादलीत रोवायची आणि ती खरंच उभी आहे का हे बघायला दोऱ्याला दगड बांधून गवंड्यासारखा ओळंबा लावायचा, दोन बाजूंनी, कारण एका बाजूने सरळ दिसणारी काठी दुसरीकडून वाकडी असते. उंची मोजायची ती जमिनीपासून काठीच्या टोकापर्यंत, बादलीच्या काठापासून नाही. जागा सपाट पाहिजे. मग बारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण आणि बाजूला वेळ.

आणि इथंच भांडणं सुरू होतात, जी मला फार आवडतात! सावलीचं टोक नेमकं कुठंय? जवळून बघा, टोकाला कडा नसतेच, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा धूसर पट्टा असतो, कारण सूर्य म्हणजे ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे. एक पोरगी म्हणणार ८४, दुसरा म्हणणार ८५, तिसरा म्हणणार दोघंही चुकतायत. मास्तरांनी निकाल द्यायचा नाही. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहायचे, सरासरी काढायची, आणि मोजमापात चूक किती असू शकते हे तिथल्या तिथे बोलायचं. प्रॅक्टिकलच्या वहीत "निरीक्षण" म्हणून गाइडमधून उतरवलेले आकडे पाहून पाहून मी वैतागलोय, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग सगळ्यात छोटी सावली साडेबाराला का, तर आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, मिर्झापूरवरून जाणाऱ्या, आणि कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला, दर अंशाला चार मिनिटं, गुणाकार करा, ३३ मिनिटं आली. उरलेला दोनेक मिनिटांचा फरक पृथ्वीच्या कक्षेचा आणि तिच्या कललेल्या आसाचा, तो मोठ्या वर्गासाठी ठेवा. भूगोलाच्या पुस्तकातला प्रमाणवेळेचा धडा पाठ करणारी पोरं हे स्वतः काढतात तेव्हा बघा.

आता खरी मजा. एकाच दिवशी दोन शाळांनी हे करायचं, एक कोल्हापूरची, एक नाशिकची. ही दोन्ही शहरं जवळजवळ उत्तर-दक्षिण रेषेत आहेत. २२ डिसेंबरला मीटरभर काठीची सर्वात छोटी सावली कोल्हापुरात साधारण ८४ सेंटिमीटर येते आणि नाशकात ९५ च्या आसपास. चक्क दहा-अकरा सेंटिमीटरचा फरक, फोनवर एकमेकांना आकडा सांगितला की दोन्हीकडे गलका होतो. आता त्यावरून सूर्याचा कोन काढा, म्हणजे तो डोक्यावरून किती कललाय तो, त्रिकोणात काठीच्या टोकाशी होणारा, नववीची पोरं टॅनने काढतील, सातवीवाल्यांनी वहीत दहापट लहान त्रिकोण काढून कोनमापक लावला तरी चालतं. कोल्हापूर ४०.१, नाशिक ४३.४, फरक ३.३ अंश. दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावरून घ्यायचं, साधारण ३६५ किलोमीटर. एसटीच्या तिकिटावरचं अंतर नको, रस्ता वळणं घेत जातो. सूर्याचे किरण दोन्हीकडे समांतरच येतात, म्हणून कोनातला हा फरक म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं दोन गावांमधलं अंतर, अंशांत. मग ३.३ अंशाला ३६५ तर ३६० अंशाला किती? ४० हजाराच्या जवळ. पृथ्वीचा घेर! शाळेच्या ग्राउंडवरून!

इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने हेच केलं होतं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, इजिप्तमध्ये, सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांमध्ये, त्याला फरक मिळाला वर्तुळाचा पन्नासावा भाग. तुमच्या पोरांचं उत्तर ३६ हजार आलं किंवा ४४ हजार आलं तरी खोडू नका, कोनात एक तृतीयांश अंशाची चूक झाली की घेरात दहा टक्क्यांचा फरक पडतोच, चूक नक्की कुठे शिरली ते त्यांनाच शोधू दे. दुसरी शाळा मिळाली नाही तरी अडत नाही, २२ डिसेंबरच्या कोनातून २३.४ (पृथ्वीच्या आसाचा कल) वजा केले की आपल्या गावाचा अक्षांश मिळतो, मोबाईलवरच्या मॅपशी ताडून बघा.

हे आवडलं तर पुढचं सामान फुकट आहे. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर कचऱ्यातून खेळणी बनवायचे व्हिडिओ मराठीतही आहेत, पुस्तकंही उतरवून घेता येतात. फेट (PhET) नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे कॉम्प्युटरवर करायचे प्रयोग, मराठीत चालतात, सर्किटचा धडा घ्यायच्या आधी ती स्वतः खेळून बघा. फायफॉक्स (phyphox) नावाचं अॅप फोनचे सेन्सर वापरतं, दोन फोन दहा मीटरवर ठेवून टाळ्यांनी आवाजाचा वेग काढता येतो, वर्ग मात्र गप्प पाहिजे, म्हणजे तेवढं एक अवघडच.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो तो, का नाही सांगितला, असं कुणी विचारेल. तो आपल्याकडे येतो मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा सूर्यच दिसत नाही. डिसेंबरात आभाळ स्वच्छ असतं. २२ तारखेलाच केलं पाहिजे असंही नाही, १७ ते २७ मध्ये सूर्य उत्तर-दक्षिण जागचा जेमतेम हलतो, तेव्हा ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा, फक्त दोन्ही शाळांची स्नेहसंमेलनाची तारीख आधी विचारून घ्या.