बिगुलाचा गंधार

[शाळेचं मैदान, पहाट. धुक्यातून ड्रमचा आवाज.]

सकाळचे पावणेसात. गवतावरचं दव अजून तसंच आहे आणि पीटीचे सर तोंडात शिट्टी धरून रांगा सरळ करतायत. 26 जानेवारीला महिनासुद्धा उरलेला नाही.

चार बिगूल, सहा साइड ड्रम, एक बेस ड्रम, झांजा, आणि मागे बासऱ्या. सर संगीत शिकलेले नाहीत. आले होते खो-खो शिकवायला. दुसऱ्याच वर्षी बँड गळ्यात पडला. जे काही येतं ते गावातल्या एका निवृत्त फौजी बँडवाल्या आजोबांकडून, ऐकून ऐकून उचललेलं. आजोबा आता थकलेत, मैदानावर येत नाहीत. म्हणून गेली दोन वर्षं पोरं शिकतायत ती घरच्या फोनवरून. म्हणजे आई कामावरून आली आणि फोन मोकळा असला तर.

[घराची ओसरी. बाकावर टायरच्या रबराचा तुकडा, त्यावर दोन काड्या.]

हा सातवीतला. गणपतीत ताशा वाजवतो, तेव्हा हात तयारच आहेत असा त्याचा समज होता. सरांचाही. साइड ड्रम गळ्यात अडकवला आणि कळलं, सगळा कारभार उजव्या हाताचा आहे. डावा नुसता सोबतीला येतो.

यावर जुनं औषध आहे. पॅराडिडल. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. तबल्यात आधी बोल घोटतात तसे ड्रमचे हे मूळ बोल. त्यांना रूडिमेंट म्हणतात. अमेरिकेतल्या पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने 1984 मध्ये अशा 40 रूडिमेंटची यादी पक्की केली. ड्रमच्या काड्या बनवणाऱ्या विक फर्थ कंपनीने त्या चाळीसही वाजवून दाखवणारे व्हिडिओ फुकट ठेवलेत. बोलणं इंग्रजीत, पण बघायचे असतात हात.

आणि हात दिसत नाहीत! इतक्या वेगात जातात. मग मामेबहिणीने त्याला व्हिडिओच्या कोपऱ्यातलं दातेरी चक्र दाखवलं. तिथे वेग निम्मा करता येतो. काडी आपटून स्वतःच कशी वर येते, मनगट कुठे सैल सुटतं, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आम्ही या पोरांबरोबर आठ दिवस काढले. माझ्या मते त्या बटणाएवढं कामाचं दुसरं काही आम्हाला सापडलं नाही.

ताल धरायला मेट्रोनोम. 1815 मध्ये मेल्झेलने पेटंट घेतलं तेव्हा ते किल्लीचं यंत्र होतं. आता गूगलवर नुसतं नाव टाकलं की टकटक सुरू होते. कवायतीची तेज चाल मिनिटाला साधारण 120 पावलांची. हा सुरू करतो 60 पासून आणि रोज चार-चारने चढवतो. कंटाळवाणं आहे, तो स्वतःच सांगतो. मध्ये रील बघून काड्या बोटांत गरगर फिरवायला शिकला. ते चार दिवसांत जमलं. पॅराडिडलला दीड महिना लागला.

[फळ्यावर खडूने काढलेले स्वर.]

एक घोळ मात्र आठवडाभर कुणालाच सुटेना. आजोबा म्हणायचे क्रॉचेट. फोन म्हणतो क्वार्टर नोट. मुलांना वाटलं, या दोन वेगळ्या गोष्टी. एकच आहे ती: एक मात्रा. आपल्याकडच्या फौजी बँडची भाषा इंग्रजांकडून आलेली, इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी अमेरिकन. मिनिम म्हणजे हाफ नोट, क्वेव्हर म्हणजे एट्थ नोट. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखून टाकले. त्यानंतर म्युझिक थिअरी डॉट नेटवरचे धडेही पोरांना कळायला लागले, कारण तिथे वाचायचं थोडं असतं, बघायचं जास्त. मराठीत असं काही शोधायला गेलात तर तबला मिळेल, पेटी मिळेल. साइड ड्रमसाठी फार हिंडावं लागतं.

नववीतल्या एकाने म्यूजस्कोर या संगीत लिहायच्या प्रोग्रॅमवर पथकाची धून उतरवली. बासरी आणि बिगूल एकत्र कसे लागतात ते संगणकच वाजवून दाखवतो. तो प्रोग्रॅम फुकट आहे. त्याच नावाच्या साइटवरून दुसऱ्यांनी लिहिलेलं संगीत उतरवून घ्यायला गेलं की बहुतेकदा पैसे मागतात. दोन्हींत गल्लत करू नका, त्याने केली होती.

[बिगुलाचं तोंड, जवळून. मुलीचे ओठ.]

आता हिच्याकडे या. आठवीत आहे, बिगुलावर.

बिगुलाला कळ नसते, भोक नसतं. असते ती एक वळवलेली नळी. सूर बदलायचा तो ओठांच्या ताणाने, आणि सूर मिळतात मोजकेच: सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग, मग प. कंपनांचं प्रमाण 2, 3, 4, 5, 6. रे नाही, म नाही. बिगुलाच्या सगळ्या धुना या एवढ्यावरच भागवतात.

हिने फोनवर ट्यूनर घेतला. सूर बरोबर लागला की काटा मध्ये येतो, हिरवा होतो. सा हिरवा. पंचम हिरवा. गंधाराला मात्र काटा डावीकडे, लाल. रोज. ओठ आवळून तिने तो वर ढकलायला सुरुवात केली. काटा हिरवा झाला, पण आवाज चिरका यायला लागला आणि ओठ सुजले. चूक कुणाची, हे सांगणारं कुणी नव्हतं.

चूक कुणाचीच नव्हती. ट्यूनर मोजतो पेटीच्या, पियानोच्या हिशेबाने: सप्तकाचे 12 सारखे तुकडे. नळी असा हिशेब मानत नाही. तिचा गंधार, म्हणजे वरच्या प्रमाणातला 5, त्या मापापेक्षा सुमारे 14 सेंट उतरा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. आणि हा उतरा गंधार आपल्याला परका नाही. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून न छेडता ऐकू येतो तो स्वयंभू गंधार, तो हाच.

हे आम्ही सांगितलं नाही. शेजारच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांनी तिला फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावायला सांगितलं. बिगूल बी-फ्लॅटचा, म्हणजे काळी पाच. त्या सुरात तिने गंधार फुंकला, ओठ न आवळता. तानपुऱ्यात विरघळला. काका पेटीचा भाता सोडून म्हणाले, "बाळा, या बाबतीत माझी पेटीच खोटी आहे."

[फोनच्या पडद्यावर लष्करी बँड.]

या चार-पाच सुरांवर मोठे लोक काय करून गेले, तेही त्याच फोनवर आहे. जॉन फिलिप सूझा अमेरिकेच्या मरीन बँडचा प्रमुख असताना त्याने 1886 मध्ये बिगूल आणि ड्रमसाठी शिकवणीचं पुस्तक काढलं. त्यातली एक धून त्याने 1888 च्या 'सेम्पर फिडेलिस' या मार्चमध्ये घातली. मध्येच नुसते ड्रम उरतात, आणि मग ट्रम्पेटवर तेच हिचे सूर. मरीन बँडच्या साइटवर ध्वनिमुद्रण आणि प्रत्येक वाद्याचं लिखित संगीत, दोन्ही मोफत आहे. ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आमचाच बिगूल की!"

[पुन्हा मैदान. कर्णा.]

रंगीत तालमीला सरांनी एक युक्ती केली. फोनचा मेट्रोनोम थेट शाळेच्या कर्ण्याला जोडला, सगळ्यांना एकच ताल. झालं उलटंच. मागची रांग फरफटत यायला लागली. सर ओरडले, मुलं रडकुंडीला आली.

आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. कर्ण्यापासून 50 मीटरवरच्या मुलाला ठोका जवळजवळ 0.15 सेकंद उशिरा पोचतो. 120 च्या चालीत एक पाऊलच अर्ध्या सेकंदाचं. तो मुलगा कानाने बरोबर आणि डोळ्यांना चुकीचा. सरांनी आजोबांना फोन लावला. पलीकडून खोकला आणि एक वाक्य आलं: "कर्णा बंद कर, पोरांना काठी बघायला सांग." उजेडाला वेळ लागत नाही. मेट्रोनोम घरी गेला, आणि पुढे काठी धरून चालणारी नववीतली मुलगी एकदम महत्त्वाची झाली.

[26 जानेवारी, संध्याकाळ. दिव्याखाली आई आणि मुलगी.]

संचलनाचं शूटिंग आईने केलंय, एका हाताने, दुसऱ्या कडेवर धाकटा. वाऱ्याचा घर्रर्र आवाज, बेस ड्रम, मध्ये कुणाचं तरी डोकं. मुलगी व्हिडिओ मागे घेते. वेग निम्मा करते. पुन्हा लावते.

"थांब," ती आईच्या मनगटाला हात लावते. "आता येईल बघ गंधार."