उसाचा चोथा आणि सांडपाण्यातलं तांबं

(दृश्य: बादलीत चोथा. पाणी चहासारखं तपकिरी.)

रस काढून उरलेला उसाचा हा चोथा पाण्यातलं तांबं, शिसं धरून ठेवतो. त्याच्या तंतूंवरच्या कार्बॉक्सिल गटांना धातूचे धनभारित आयन चिकटतात. पण चोथा न धुता वापरला, तर हा तपकिरी रंग आणि उरलेली साखर सांडपाण्यातच उतरते. धातू कमी होतो, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो. म्हणून धुण्याचं पाणी नितळ येईपर्यंत गरम पाण्याने धुवायचा, 60 अंशांवर वाळवायचा, दळायचा आणि अर्धा ते एक मिलिमीटरचे कण चाळून घ्यायचे.

(दृश्य: पाच भांडी, फिरती पाती.)

प्रत्येक भांड्यात एक लिटर सांडपाणी. चोथा 2, 5, 10 आणि 20 ग्रॅम. पाचवं भांडं बिनचोथ्याचं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. तांब्यासाठी सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) 5 च्या आसपास लागतो. 2 वर हायड्रोजन आयनच जागा अडवतात. 6 च्या वर गेलात, की तांब्याचा हायड्रॉक्साइड होऊन साका बसू लागतो आणि श्रेय उगाच चोथ्याला मिळतं. बिनचोथ्याचं भांडं ही चूक लगेच उघडी पाडतं.

क्रोमियमचं गणित उलटं. हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेचं) क्रोमियम पाण्यात ऋणभारित रूपात असतं, त्याला सामू 2 लागतो. शिवाय तिथे चोथा त्यातल्या काही भागाचं ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचं) क्रोमियम करतो आणि ते पाण्यातच राहतं. म्हणून एकूण क्रोमियमही मोजायलाच हवं.

साधा चोथा ग्रॅममागे काही मिलिग्रॅमच तांबं धरतो. त्यामुळे आधी चुन्याने साका बसवावा, गाळलेल्या पाण्याचा सामू आम्लाने उतरवावा आणि मग उरलेलं तांबं चोथ्यावर सोडावं.

(दृश्य: उभी काचेची नळी.)

नळीत कोरडा चोथा ठासू नका. भिजला की फुगतो आणि पाणी अडतं. रात्रभर भिजवून भरा, पाणी खालून वर सोडा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. बाहेरच्या पाण्यात तांबं ठरलेल्या मर्यादेला टेकलं, की थांबा. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धातू थोडक्या पाण्यात सुटून येतो. चोथा धुऊन पुन्हा वापरता येतो, पण दर खेपेला धारणशक्ती घटते.

वापरून संपलेला चोथा खतात, गोठ्यात किंवा चुलीत जाता कामा नये. धोकादायक कचरा म्हणून तो चिठ्ठी लावलेल्या बंद पिंपातच ठेवा.