बटण दाबायच्या आधीची निवडणूक

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय नगरपंचायत आणि नगरपरिषदेच्या निवडणुकीबद्दल. तुम्ही म्हणाल, झाली की निवडणूक, गुलाल उधळून झाला, डीजे वाजून झाला, आता परत कशाला तोच विषय. अहो म्हणूनच! ऐन धामधुमीत यावर तोंड उघडलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, तुम्ही कोणाच्या बाजूचे? आत्ता डोकी थंड आहेत, आत्ताच बोललेलं बरं.

माझं म्हणणं एवढंच आहे की छोट्या गावातली निवडणूक मतदानाच्या दिवशी होतच नाही, त्या दिवशी फक्त बटण दाबायचं राहिलेलं असतं. खरी निवडणूक त्याच्या आधीचे दोन-तीन महिने चालू असते, सरकारी कागदांवर, तहसीलच्या आवारात, कोणाच्या तरी ओसरीवर, आणि तेव्हा आपण म्हणतो, अजून लांब आहे हो.

आता हीच बघा ना. बऱ्याच नगरपरिषदांमध्ये तीन-चार वर्षं नगरसेवकांऐवजी सरकारी अधिकारी, म्हणजे प्रशासकच बसला होता, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, तारखांवर तारखा. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा गाडं हललं. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी होणारी मतमोजणी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने थेट २१ तारखेवर गेली, कारण काही ठिकाणचं मतदान २० तारखेला होतं. तोवर मशिन स्ट्राँगरूममध्ये आणि बाहेर थंडीत कार्यकर्ते पहाऱ्याला! गंमत वाटते ऐकायला, पण ज्याचा उमेदवार उभा होता त्याला विचारा ते दिवस कसे गेले.

हिशोब सांगतो. नगरपंचायतीत १७ वॉर्ड, प्रत्येक वॉर्डातून एक नगरसेवक. बारा हजार लोकवस्तीचं गाव धरा, १७ ने भागा, वॉर्डात सातशे माणसं येतात, त्यातली लहान पोरं काढा, पुण्या-मुंबईला कामाला गेलेले काढा, राहिले किती? त्यात चार उमेदवार उभे राहिले तर दीडशे मतांत माणूस निवडून येतो. दीडशे! एका भावकीत तेवढी मतं असतात. आणि मतं समसमान पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात बरं का, कायद्यानेच. तेव्हा माझ्या एका मताने काय होतंय हे वाक्य लोकसभेला म्हणा पाहिजे तर, इथे ते चालत नाही.

पण मत द्यायला नाव यादीत पाहिजे, आणि खरी गोची इथेच होते. या निवडणुकीला वेगळी मतदार यादी नसते, विधानसभेची यादी घेतात आणि वॉर्डाप्रमाणे फोडतात, यावेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ती फोडताना आख्खी गल्ली शेजारच्या वॉर्डात जाऊन पडते, एकाच घरातला नवरा एका वॉर्डात आणि बायको दुसऱ्यात असं होतं. नाव चुकीच्या वॉर्डात गेलं असेल तर प्रारूप, म्हणजे कच्ची यादी लागल्यावर हरकत घेता येते, दिवस थोडेच मिळतात पण मिळतात. मात्र नाव मूळ विधानसभेच्या यादीतच नसेल तर या टप्प्यावर कोणीही घालून देऊ शकत नाही. प्रारूप यादी कोण बघतं? उमेदवार आणि त्याची पोरं बघतात. आपण मतदानाच्या सकाळी बूथबाहेरच्या टेबलावर चिठ्ठी मागायला जातो आणि नाव नाही म्हटल्यावर तिथल्या शिक्षकावर ओरडतो, त्या बिचाऱ्याच्या हातात काय आहे?

यादीच्या आसपासच आरक्षणाची सोडत निघते. लहान पोराच्या हाताने चिठ्ठी काढतात आणि हॉलमध्ये दहा-वीस जणांचे चेहरे एका मिनिटात बदलतात. ज्याने दोन वर्षं वॉर्डात टँकर पाठवले, गणपतीच्या वर्गण्या दिल्या, त्याचा वॉर्ड महिला राखीव निघतो, की संध्याकाळी त्याच्या बायकोचा हात जोडलेला फोटो बॅनरवर. २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आणि अजूनही बॅनरवर ताईंचा फोटो छोटा, भाऊंचा मोठा. मी मात्र यावर सरसकट नाकं मुरडणाऱ्यातला नाही, कारण सही ताईंचीच लागते, सभेला हजेरी ताईंचीच लागते, आणि दोन वर्षांनी टेंडरच्या फाईलवर हे काय आहे म्हणून विचारणाऱ्या ताई पण निघतात, मग भाऊंची पंचाईत होते.

ज्यांना उभं राहायचंय त्यांच्यासाठी थोडं. वय २१ पूर्ण पाहिजे, आमदारकीला २५ लागतं, इथे नाही. गावातल्या कुठल्याही वॉर्डाच्या यादीत तुमचं नाव असलं की दुसऱ्या वॉर्डातून उभं राहता येतं, अर्जावर नाव सुचवणारा, म्हणजे सूचक, मात्र ज्या वॉर्डातून उभे राहताय तिथलाच पाहिजे, म्हणजे असा उमेदवार स्वतःलाच मत देऊ शकत नाही! १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अर्ज बाद. नगरपरिषदेचं कंत्राट तुमच्या नावावर असेल तर अडचण. राखीव जागा असेल तर जात पडताळणीचं बघायचं, आणि हे काम अर्ज भरायच्या आठवड्यात होत नाही, वर्षभर आधी लागायचं. घरपट्टी, पाणीपट्टीची थकबाकी भरून टाकायची, निवडणूक लागली की वसुलीच्या खिडकीवर जी गर्दी होते ती उगाच नाही. गुन्हे आणि मालमत्तेचं शपथपत्र, निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, आणि पक्षाकडून असाल तर तो एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने लिहून दिलेला कागद, जो शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला नाही तर चार वर्षांची मेहनत पाण्यात. छाननीत एका रिकाम्या रकान्यावरून अर्ज उडालेले लोक तुमच्या गावात पण असतील, त्यांना आधी जाऊन भेटा, पुढाऱ्यांना नंतर.

छाननीनंतर येते माघार. सगळ्यात जास्त निवडणूक इथे होते. माघारीच्या आदल्या रात्री कोणाकडे कोण गेलं, कोणाला स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढवता नेमलेला, नगरसेवक करतो म्हणून शब्द दिला, कोणाच्या मामाला मध्ये घातलं, हे गावाला सगळं माहीत असतं. या डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचात नगराध्यक्षासकट सगळेच बिनविरोध आले. कायद्याने त्यात काही चूक नाही, पण तिथल्या मतदाराला त्या दिवशी कामच उरलं नाही. बिनविरोध म्हटलं की आपल्याकडे लगेच गावाचा एकोपा म्हणून कौतुक होतं. मला विचाराल तर एकोपा असेलही, पण ग्रामपंचायतीच्या बाबतीत २०२१ ला नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी इथे पदांचा चक्क लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगाला दोन्हीकडची निवडणूक रद्द करावी लागली. लिलावाचा पैसा गावाच्या कामालाच जाणार होता असं सांगतात लोक. जाऊदे ना, मग ज्याच्याकडे पैसा नाही त्याने कुठे उभं राहायचं?

आणि एक, आपल्या राज्यात २०१८ पासून स्थानिक निवडणुकीत नोटाला, म्हणजे यातलं कोणीच नको या बटणाला, सगळ्यात जास्त मतं पडली तर कोणालाच विजयी धरत नाहीत, परत निवडणूक घेतात. जागा बिनविरोध झाली की मतदानच नाही, म्हणजे हा नोटाचा दरवाजा पण बंद.

मतदानाबद्दल एकच सांगतो कारण यात गोंधळ होतो. नगरपंचायतीला दोन मतं, एक नगराध्यक्षाला एक नगरसेवकाला. नगरपरिषदेत बहुतेक प्रभाग, म्हणजे वॉर्ड, दोन सदस्यांचे, म्हणजे तिथे तीन. काही जण आपल्या माणसाचं एक बटण दाबतात आणि निघायला लागतात, मग केंद्रावरचे लोक परत बोलावतात, कारण सगळी मतं दिल्याशिवाय मशिनचा मोठा आवाज येत नाही. बाकीचे पसंत नसतील तर तिथे नोटा दाबा आणि पुढे व्हा.

आता जे पडले त्यांच्यासाठी. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, जिंकलेल्याला तसा हरलेल्याला पण. नगरपंचायतीच्या नगरसेवकाला यावेळी सव्वादोन लाखांची मर्यादा होती, नगराध्यक्षपदाला सहा लाखांची. हरलेला माणूस रागाने सगळी बिलं फेकून देतो आणि गप घरी बसतो, मग अपात्रतेची नोटीस येते आणि पुढच्या वेळी उभं राहायचं म्हटलं तर नाव बाद. तेव्हा चहावाल्याचं, मंडपवाल्याचं, रिक्षावर लावलेल्या स्पीकरचं, जे बिल असेल ते पिशवीत घालून ठेवलं असेल अशी आशा आहे, आणि हिशोब दिला नसेल अजून तर उद्याच निवडणूक कार्यालयात जाऊन विचारा, साहेब जेवायला जायच्या आत.