झिजायचं काम पॅडचं, रिमचं नव्हे

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी ही रिम हातात घ्या आणि एकेकानं पुढे द्या. ब्रेक जिथे लागतो त्या कडेवरून बोट फिरवा. मधोमध खोलगट लागेल आणि त्यात बारीक चरे जाणवतील. ही माझ्याच सायकलची रिम. पावसाळ्यात ब्रेक दाबला की खर्र आवाज यायचा. ओलं आहे, वाळलं की जाईल, असं म्हणत मी पंधरा दिवस तशीच चालवली. शेवटी चाक काढलं तर पुढच्या पॅडमध्ये, म्हणजे रिमला दाबून चाक थांबवणाऱ्या रबराच्या तुकड्यात, अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत कण रुतून बसलेले. रस्त्यावरची बारीक खडी रबरात अडकली, तिनं रिम खरवडली, आणि रिमचे तेच तुकडे पुढे रिमलाच कातत राहिले. पॅडची एक जोडी वेळेवर बदलली असती तर ही रिम आजही चाकात असती.

पॅडवर किती भार येतो ते आधी बघू. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरा, वेग ताशी ५० किलोमीटर. पूर्ण थांबायचं तर सुमारे ७,७०० जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी २५ किलोमीटरला हीच ऊर्जा चौथा हिस्सा असते. उतारावर वेग दुप्पट झाला की ब्रेकचं काम चौपट होतं, आणि ते बहुतेक सगळं उष्णता होऊन पॅड आणि रिमच्या मधल्या त्या बोटभर जागेत उतरतं.

म्हणून पॅड निवडताना पहिला प्रश्न रिमचा. अ‍ॅल्युमिनियम उष्णता भराभर पसरवतं. कार्बनला ते जमत नाही. उष्णता एका जागी साठते आणि फार तापलं तर कार्बनचे थर धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं. म्हणून कार्बन रिमला तिच्यासाठीच बनवलेले पॅड लागतात, आणि लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवायचा नसतो. जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, रिमला वारा लागू द्या. आणि एक गोष्ट मी कळकळीनं सांगतो: अ‍ॅल्युमिनियमवर वापरलेले पॅड कार्बन चाकाला कधीही लावू नका. त्यांत रुतलेला एक कण महागडी रिम ओरखडायला पुरतो. चाकांच्या दोन जोड्या असतील तर पॅडच्याही दोन जोड्या ठेवा.

आता हा जुना पॅड बघा. दिव्याखाली असा तिरका धरला की काळ्या रबरात चांदीसारखे ठिपके चमकतात. सुईच्या टोकानं एकेक कण उकरून काढायचा. मग सपाट जागेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड चार-सहा वेळा घासायचा, म्हणजे वरची चकाकी जाऊन ताजं रबर लागतं. रिम पुसून घ्यायची. एवढ्यानं ब्रेकची पकड किती सुधारते हे एकदा स्वतः करून बघा.

पॅडवर आडव्या खाचा असतात, त्या बुजत आल्या की पॅड संपला. पण खाचा शाबूत असूनही जुनं रबर कडक होतं. नख रुतवून बघा. लाकडासारखं लागलं तर काढून टाका.

बसवताना पॅड टायरला अजिबात लागता कामा नये आणि रिमच्या खालीही लोंबता कामा नये. टायरला घासणारा पॅड टायरची बाजू कापतो, हा खरा धोका आहे. पॅड सरकवून बसवायचा शू, म्हणजे पॅड धरणारा कप्पा, असेल तर त्याचं बंद टोक पुढे हवं, कारण ब्रेक लागला की चाक पॅडला पुढेच ओढतं. ब्रेक किंचाळत असेल तर पॅडच्या मागच्या टोकाखाली जाड कागदाची पट्टी ठेवून लिव्हर दाबून धरा आणि तसाच बोल्ट आवळा. पट्टी काढली की पुढचं टोक केसभर आधी टेकतं.

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे पॅड रिमला नाही, तर चाकाच्या मधोमध बसवलेल्या धातूच्या चकतीला, म्हणजे रोटरला, दाबतात. रेझिन पॅड शांत असतात, लगेच पकडतात, पण चिखलपाण्यात लवकर संपतात. धातूचे पॅड जास्त टिकतात, उष्णता सोसतात, आवाज मात्र करतात; आणि काही रोटर फक्त रेझिन पॅडसाठीच असतात, ते रोटरवर लिहिलेलं असतं. घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदला. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन ब्रेक दाबत चालण्याच्या वेगापर्यंत या, पूर्ण थांबू नका. पॅडचा थर रोटरवर सारखा बसतो. चेनला ऑइलचा फवारा मारताना रोटर झाका. रोटर पुसून घेता येतो, तेल प्यायलेला पॅड सहसा वाचत नाही. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅडना ढकलणारे पिस्टन बाहेर येतात.

किती किलोमीटरनंतर बदलायचे, असं मघाशी कुणीतरी विचारलं. किलोमीटरचा आकडा मी देणार नाही. पावसातली एक लांब फेरी कोरड्या रस्त्यावरच्या कित्येक फेऱ्यांइतकं रबर खाते. म्हणून पावसातून आलात की त्याच दिवशी पॅड बघा. सुया आणि पॉलिश पेपर या टेबलावर आहेत. आपापली पुढची चाकं काढा, मी एकेकाजवळ येतो.